दोऱ्याला कात्री

लेकीच्या, गुंडीच्या, खालच्या हिरडीवरून बोट फिरवताना तिने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला होता, त्यामुळे पलीकडून लेसवाल्या मावशी काय म्हणाल्या ते तिला अर्धंच ऐकू आलं.

"काय म्हणालात मावशी?"

"म्हटलं, तुझे बाबा हल्ली दोरा कात्रीने तोडतात."

ती खळखळून हसली. हात हलला तशी सात महिन्यांच्या गुंडीने ते बोट हिरड्यांत करकचून धरलं.

"मग साखर वाटा की! लहानपणापासून कानीकपाळी ओरडत आलेय मी, बाबा, दाताने दोरा तोडू नका म्हणून. एकदाचं ऐकलं म्हणायचं."

"हसण्यावारी नेऊ नकोस गं. मला मेलीला दातातलं काय कळतंय, पण तीस वर्षं भिंतीला भिंत लावून बसतेय मी या माणसाच्या. कात्री कापडाला आणि दात दोऱ्याला, ही त्यांची पद्धत. परवापासून टाका संपला की कात्री शोधत बसतात. कात्री गळ्यात आणि शोधतायत टेबलावर! मला काही हे लक्षण बरं दिसत नाही."

"दाढ दुखत होती ना त्यांची, म्हणून असेल. विचारते मी."

"विचार. आणि मी सांगितलं असं सांगू नकोस हं, नाहीतर माझ्याशी आठ दिवस बोलायचे नाहीत."

मावशींचं दुकान म्हणजे लेस, बटणं, रिळं, हुक असल्या बारीकसारीक वस्तूंचं. बाबांचं शिंप्याचं दुकान त्याला लागून. तिच्या घरापासून सहा तासांवरच्या त्या दोन दुकानांमध्ये एक पातळ भिंत होती आणि मावशींचे कान तिखट होते. ती मनातल्या मनात म्हणाली, मावशींना दुपारी गिऱ्हाईक नसलं की असं काहीतरी सुचतं.

तरी तिने त्याच दुपारी फोन लावला. बाबांनी नेहमीसारखा फोन रिळांच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर मशीनचं चाक, त्यांचा उजवा कान आणि चष्म्याची काडी एवढंच दिसत होतं.

"दाढ कशी आहे बाबा?"

"राहिली."

"डॉक्टरांकडे जाऊन आलात?"

"डॉक्टर कशाला? आठ दिवस ठणकली, आणि मंगळवारी सकाळी उठतो तर एकदम गप्प. मीच दम दिला होता तिला. म्हटलं, बाई गं, या तोंडात एक तर तू राहा नाहीतर मी. तिने ऐकलं."

तिचा जीव भांड्यात पडला. पदवीला तिने जीवशास्त्र घेतलं होतं. दाताचा उभा छेद, त्यातलं कवच, आतली नस, सगळं तिने रंगीत पेन्सिलींनी काढलेलं होतं. पण दुखायचं थांबलं म्हणजे दुखणं गेलं, यापलीकडे तिच्या मनात काही आलं नाही. शिवाय तेवढ्यात गुंडी रडायला लागली.

गुंडीला दात येत होते, निदान यायला हवे होते. ती दिवसातून तीनदा हात धुऊन हिरड्या चाचपायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ ताप बघून वहीत लिहायची. लाळ किती, शी कशी, झोप किती मिनिटांची, सगळ्याची नोंद. नवरा म्हणायचा, "हिच्या दाताला स्वागत समिती नेमलीस की काय? घाबरून तो परत जाईल." ती हसायची नाही. तिला वाटायचं, आपण एक क्षण नजर काढली की तेवढ्यात काहीतरी होईल.

या नजरेपायीच बाबांकडे जाणं राहून गेलं होतं. गुंडी दोन महिन्यांची असताना बाबा चार दिवस येऊन गेले होते. येताना जुन्या मऊ सुती कापडांची अकरा झबली शिवून आणली होती, आणि त्या इवल्या मुठीकडे बघून "ही कसली मुलगी, ही तर गुंडी आहे, कोटाला लावण्याएवढी" असं म्हणाले होते. तेच नाव पडलं. त्यानंतर तिकडे जायचं दर महिन्याला ठरायचं. एकदा लस होती, एकदा सर्दी. एकदा तिची नुकती संपलेली रजा. गेल्या रविवारी तर पिशव्या भरून दारात ठेवल्या होत्या, आणि गुंडीचं अंग जरा कोमट लागलं म्हणून तिने ऐन वेळी फोन केला, "बाबा, पुढच्या महिन्यात नक्की."

"बरं," बाबा म्हणाले होते. "तिची काळजी घे."

आणि त्यानंतर त्यांचं बोलणं आटलं.

त्यांच्या घराची एक रीत होती. तिथे कोणी आवाज चढवत नसे. ज्याला लागलं तो गप्प बसे, आणि दुसऱ्याने 'का रे गप्प?' असं विचारायचं नसे. थांबायचं. आई होती तेव्हा ती या दोघांना म्हणायची, "तुम्ही दोघं एकदा तोंडाला कुलूप लावलंत की किल्ली मी शोधायची का?" तिने नोकरीसाठी हे शहर निवडलं तेव्हा बाबा चार दिवस बोलले नव्हते, पाचव्या दिवशी कोट शिवून पाठवला. तिच्यासाठी ते माफीपत्र होतं की परवानगी, हे तिने विचारलं नाही. आई गेल्यावर किल्ली शोधणारं कोणी राहिलं नव्हतं. रीत मात्र तशीच होती.

म्हणून रोजचा फोन तीन मिनिटांवर आला तेव्हा तिला वाटलं, रुसलेत. बाबा 'हं' आणि 'बरं' यापलीकडे जाईनात तेव्हा तिची खात्रीच पटली. त्यांचा आवाज जाडसर येत होता, शब्द एकमेकांना चिकटलेले. पण काम करताना ओठांत टाचण्या धरून बोलायची त्यांची जुनी सवय होती. पूर्वी तिच्याशी बोलताना ते टाचण्या काढून वाटीत ठेवायचे. आता ठेवत नाहीत, असं तिने मनाशी म्हटलं, आणि तेही तिने रुसव्याच्या खात्यात टाकलं.

एकदा तिने गुंडीला फोनसमोर धरलं. "आजोबांना हाक मार, बोल."

"हं," पडद्यावरचा कान म्हणाला. मग बराच वेळ मशीनचं चाक स्थिर राहिलं. "झोपव तिला."

फोन बंद झाल्यावर ती गुंडीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसून राहिली. तिला एकाएकी बाबांच्या दुकानातलं ते पाटाएवढं स्टूल आठवलं. शाळेतून आली की ती त्यावर बसून गृहपाठ करायची. मशीनचा आवाज थांबायचा, बाबा मान वाकवायचे आणि 'कट्' असा बारीकसा आवाज यायचा. तो आवाज आला की समजायचं, एक शिवण संपली, आता बाबा चष्म्यावरून आपल्याकडे बघतील. बघायचेच. त्या बघण्यासाठी ती गणित हळूहळू सोडवायची. या घरात कितीतरी आवाज होते, मिक्सरचे, लिफ्टचे, वरच्या मजल्यावरच्या खुर्चीचे, पण कोणीतरी मान वर करून आपल्याकडे बघणार आहे असं सांगणारा एकही नव्हता.

रुसले तर रुसू देत, ती मनात म्हणाली. मीही त्यांचीच मुलगी आहे.

बुधवारी सकाळी चमच्याने भाताची पेस्ट भरवताना 'टिक्' झालं. तिने चमचा पुन्हा लावला. पुन्हा टिक्. तिने बोट घातलं, आणि खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढं, धारदार काहीतरी लागलं. नवरा कामावर गेला होता. तिने त्याला नाही, बाबांना फोन लावला. रुसवा असो नाहीतर काही असो, ही बातमी थांबणारी नव्हती.

"बाबा, दात आला!"

कान हलला. आठवड्यात पहिल्यांदा पडद्यावर त्यांचा अर्धा चेहरा दिसला, डोळ्यासकट. डोळा हसत होता.

"दाखव."

पण गुंडीने ओठ घट्ट मिटून घेतले. तिचा एक नियम होता. समोरच्याने आधी 'आ' करायचं, मग ती करणार.

"तुम्ही आ करा बाबा, मग ती करते."

"तूच कर."

"माझं बघून ती कंटाळलीय. तुमचं तोंड नवीन आहे."

बाबा नाकातून हसले. मग त्यांनी गळ्याभोवतीचा मफलर सैल केला. मफलर होता हे तिला तेव्हाच दिसलं. ते पुढे झुकले आणि तोंड उघडायला लागले.

ओठ विलग झाले, पण दातांमध्ये फट पडली ती कोटाचं बटण आडवं घातलं तर अडकेल एवढीच. 'आ' आलाच नाही. घशातून घुसमटल्यासारखा काहीतरी आवाज आला. गुंडी टक लावून वाट बघत होती. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि त्यांनी घाईघाईने रुमाल ओठांच्या कोपऱ्याला लावला.

"बाबा, सरळ कॅमेऱ्यात बघा."

"गिऱ्हाईक आलंय. ठेवतो."

"कोणी आलेलं नाही."

ते तोंड फिरवून बसले. पण त्यांच्या मागे गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायचा उंच आरसा होता, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांना तो दिसेनासा झाला होता. आरशात डावा गाल होता. कानाखालपासून हनुवटीच्या खालपर्यंत तो फुगून चकाकत होता. जबड्याची कडा कुठे संपते आणि मान कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. गळ्याचं बटण उघडं होतं. भर उन्हाळ्यातही वरचं बटण लावणारा माणूस.

तिचा आवाज अगदी शांत झाला. रात्री गुंडीचं अंग तापलं की होत असे तसा.

"बाबा, समोर पाणी आहे? एक घोट प्या. माझ्यासमोर."

"नंतर..."

"आत्ता."

त्यांनी फुलपात्र उचललं. मान एका बाजूला कलती करून, डोळे मिटून घोट गिळायचा प्रयत्न केला. निम्मं पाणी रुमालात परत आलं.

रुसलेलं माणूस पाणी नाकारतं, ती विचार करत होती, पण ते बाहेर सांडत नाही. आठ दिवस. आठ दिवस मी यांच्या दुखण्याशी अबोला धरला होता.

तिने फोन ठेवला आणि मावशींचा नंबर लावला.

"मावशी, भिंतीपलीकडे जा. बाबांच्या हनुवटीखाली हात लावून बघा."

"अगं, सर्दी म्हणून मफलर गुंडाळलाय त्यांनी. इस्त्रीवर गरम करून करून शेकत असतात. मी म्हटलं, तुझं त्यांचं रोज बोलणं होतंय, तू बघतेच आहेस..."

"मावशी, जा."

चपलांचा आवाज आला. मग बाबांचा जाड, अस्पष्ट निषेध. मग मावशी, एकदम हळू आवाजात:

"लाकडासारखं लागतंय गं. आणि अंग चटका बसेल एवढं तापलंय."

"दुकान बंद करा. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे नाही, मोठ्या दवाखान्यात न्या, तातडीच्या विभागात. सांगा, दाढेची सूज गळ्यात उतरलीय, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही. हे तिन्ही सांगा. श्वासाला त्रास होतो का तेही विचारतील. आडवं झोपवू नका, बसवूनच न्या."

"ते म्हणतायत, एक कोट द्यायचाय संध्याकाळी. उद्या जातो."

"त्यांना सांगा," ती म्हणाली आणि तिचा शांत आवाज तिथे फाटला, "त्यांना सांगा, कोट घालणारा थांबेल."

ती दुपारच्या गाडीने निघाली. गुंडीची औषधं, वही, थर्मामीटर, सगळं घरीच राहिलं. ते तिच्या लक्षात आलं तेव्हा निम्मा रस्ता मागे पडला होता. गुंडी तिच्या छातीशी झोपली होती, तोंड थोडंसं उघडं. अनेक रविवार टळलेला हा रस्ता इतका सरळ, इतका साधा होता की तिला त्याचा राग आला.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर मावशी बसल्या होत्या, मांडीवर बाबांचा चष्मा. हनुवटीखालून चीर देऊन पू काढला होता, दाढही काढली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलताना हातमोजे उतरवत होत्या.

"दाढ दुखायची कधी थांबली?"

"गेल्या मंगळवारी."

"त्याच दिवशी आणायला हवं होतं. उपचाराशिवाय ठणका अचानक थांबला म्हणजे दाढ बरी झालेली नसते. बऱ्याचदा आतली नस मेलेली असते, आणि संसर्ग पुढे सरकायला मोकळा. त्यात वरून शेक दिलात. आजची रात्र काढली असती तर श्वास अडला असता." त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आणलंत वेळेत. रात्रभर लक्ष ठेवू आम्ही."

त्या गेल्यावर मावशींनी चष्मा पदराने पुसला.

"ठणकत होती तेव्हाच मी म्हटलं होतं, पोरीला नीट सांगा. तुला गंमत करून सांगतात आणि इथे भिंतीला डोकं लावून बसतात. तर म्हणाले, सांगितलं तर धावत येईल."

"मग? यायला नको होतं मी?"

"तेच तर. म्हणाले, दुखण्याला म्हणून आली की तोंड एवढंसं करून येईल, औषधांच्या वेळा लिहून काढेल, दोन दिवस माझा ताप मोजेल आणि जाईल. तशी नकोय मला. म्हणाले, एकदा अशीच येऊ दे. काही कारण नसताना."

तिने गुंडीच्या झबल्याची नाडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.

"रुसले नव्हते?" तिने विचारलं.

"रुसायला तोंड कुठे उघडत होतं त्यांचं," मावशी म्हणाल्या, आणि स्वतःच्याच विनोदावर रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत सोडलं. हनुवटीखालच्या पट्टीतून एक बारीक नळी निघाली होती. बोलायला बंदी होती. बाबांनी तिला बघितलं, मग तिच्या कडेवरच्या गुंडीला, मग दाराकडे, जणू आणखी कोणी बातमी घेऊन आलंय का ते बघत. परिचारिकेने उशाशी कागद आणि पेन ठेवलं होतं. शिंप्याच्या सरळ, मोठ्या अक्षरांत त्यांनी लिहिलं, 'कोणी बोलावलं?'

"कोणी नाही," ती म्हणाली. "अशीच आले. आठवण आली तुमची."

बाबांनी नळीकडे बघितलं. सलाईनच्या बाटलीकडे बघितलं. तिच्या चुरगळलेल्या कपड्यांकडे, न विंचरलेल्या केसांकडे बघितलं. मग मोठ्या कष्टाने सरकून त्यांनी पलंगाच्या कडेला दोघींपुरती जागा केली आणि त्या जागेवरून हाताने चादर सारखी केली.

ती बसली. किती दिवस राहणार ते त्यांनी लिहिलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी ती परतली. बाबा तिथेच राहिले, दुकान होतं. तिला मात्र तेव्हापासून एक खोड लागली. गाडीत, लिफ्टमध्ये, ऑफिसात, कोणी आईचं किंवा वडिलांचं नाव काढलं की ती विचारते, "शेवटचं कधी बघितलंत त्यांना?" शेजारच्या टेबलावरची मैत्रीण परवा वैतागली. म्हणाली, "अगं, ठणठणीत आहे आई माझी. दाढबीढ दुखत होती मध्ये, राहिली ती आपोआप. रोज बोलतो की आम्ही."

"रोज बोलणं माझंही होत होतं," ती म्हणाली, आणि मैत्रिणीच्या हातातला कागद काढून घेऊन तिला उठवलं.

तुम्ही समोर असता तर तिने तुम्हालाही उठवलं असतं. कुठेतरी एकटं राहणारं तुमचं कोणीतरी असेल. हल्ली जरा कमी बोलत असेल, जेवण टाळत असेल, तोंड फिरवून बसत असेल. तिचं एवढंच म्हणणं आहे, की रुसलं असेल असं धरून वाट बघत बसू नका. जाऊन बघा.